चार, एक, पाच, दोन, तीन

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. प्रकाशा या गावाजवळच्या आमच्या खेड्यात भाऊबंदकीतल्या पाच घरांची मिरची एकाच पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, वाळत पडायची. विहिरीपासून ओळीनं पाच ढीग. माझा दुसरा, धाकट्या जावेचा चौथा.

ही जाऊ माझ्या डोळ्यांत सलायची, हे आधीच सांगून टाकते. गोरी, बोलायला गोड, आणि सासूबाई तिच्या भाकरीचं कौतुक करायच्या ते माझ्याच चुलीपुढे बसून!

वाळलेली मिरची हलवली की फुटते आणि बी सांडतं. म्हणून ढीग जागच्या जागी ठेवून चुलतसासरेच ओळीतून फिरायचे, रंग पाहायचे, वास घ्यायचे. सरस ठरलेल्या ढिगाचं बी पुढच्या साली पाचही घरं पेरायची. त्या ढिगाची मालकीण बियाची मिरची आपल्या हातानं बाकीच्या बायकांच्या पदरात घालायची. जाऊ घरात येईपर्यंत हा मान माझा होता. मला तो परत हवा होता.

एरवी चुलतसासरे सरस ढिगाला काठी टेकवायचे. त्या साली त्यांचा गुडघा धरला होता. एक फेरी मारून ते निंबाखाली बसले आणि तिथूनच म्हणाले, “चार, एक, पाच, दोन, तीन.”

आम्ही पाचजणी आपापल्या ढिगापाशी उभ्या. जशा उभ्या होतो तसे आकडे वाटून घेतले. पहिलीला चार, दुसरीला एक. दुसरी मीच!

“मन्हा ढीग पयला उना!” मी ओरडले. चौथ्या जागी जावेला दोन. कलेजा थंड झाला. लगेच सूप भरलं आणि एकेकीच्या पदरात मिरची घातली. जावेच्या पदरात तर मुद्दाम उंचावरून. तिनं मुकाट्यानं घेतली.

तेवढ्यात चुलतसासरे लंगडत आले. “हाई काय करी ऱ्हायनात? पयलाच आकडा काय सांगा मी? चार! म्हनजे चौथा ढीग पयला.”

आकडा ढिगाचा होता. त्या ढिगाचा नंबर कितवा, ते तो आकडा बोलण्यात कितवा आला त्यावरून काढायचं. माझा दोन आला चौथा. माझी नात कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणते, क्रम लावला की यंत्रही असेच मूळ जागांचे आकडे परत देतं, आणि शिकलीसवरली माणसंही त्यांना नंबर समजून बसतात. समजेनात का! त्यांच्यासमोर जाऊ उभी नसते.

बायकांनी माझी मिरची माझ्या ढिगावर परत ओतली आणि चौथ्या ढिगाकडे गेल्या. शेवटी मलाही तिच्यापुढे पदर धरावा लागला. तिनं खाली वाकून, एकही मिरची फुटू न देता तो भरला.

“तुले पयलेपासून माहीत व्हतं ना?” मी विचारलं. “मंग बोलनी का नही?”

“बाई, तुमी इतल्या राजी व्हत्यात,” ती म्हणाली. “मी काय बोलू?”

तिची मिरची सरस निघाली, ते मी एकवेळ गिळलं असतं. मनानंही तीच सरस निघाली, ते मला आजवर पचलेलं नाही.