बोटीवरची घागर

विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं, की त्या वासाने मला अजून गोव्याची बोट आठवते आणि डोकं तापतं. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, लग्नानंतर पहिल्यांदाच, राहात्याजवळच्या वस्तीवरून आम्ही घरचे सगळे फिरायला निघालो, तेव्हा सासूबाईंनी पितळी घागर भरून माझ्या कडेवर दिली. ‘समुद्राचं पानी खारं असतंय. तिथं गोडं पानी कोन देनार?’ बोटीवर लोकांनी सतरंज्या पसरून भाकरीची फडकी सोडली. बोट हलायला लागली तशी घागर डचमळायला लागली. ‘सांडू देऊ नगं,’ सासूबाई म्हणाल्या. ती गुडघ्यांत धरून मी दिवसभर बसले. लुगडं ओलं, अंगाला डिझेलचा वास आणि समोर नुसत्या माणसांच्या पाठी. समुद्र त्यांच्या पलीकडे होता. हे मात्र कठड्याशी उभे राहून भावांना मासे दाखवत होते. संध्याकाळी आले तेव्हा मी म्हटलं, ‘घोटभर घ्या, घागर तरी हलकी हुईल.’ ‘नगं. तिकडं गोड्या पान्याचा नळ हाय की. सकाळधरनं तिथलंच पितोय.’ ‘मग मला का न्हाई सांगितलं?’ ‘तू कुठं इचारलंस?’ मी उठले, माणसं सारून कठड्यापर्यंत गेले आणि सगळी घागर समुद्रात पालथी केली. त्या दिवशी समुद्र मी पाहिला तो तेवढाच. सासूबाई मागे ओरडत राहिल्या. पन्नास वर्षं झाली, आजही ह्यांना तहान लागली की हेच उठून पाणी घेतात. नळ कुठे आहे, ते ह्यांना बरोबर माहीत असतं.