अंड्यांच्या पैशांतला फोनो

मरियाबाईला प्रश्न फार पडायचे. तसे ते सगळ्यांनाच पडतात म्हणा, पण आपण ते गिळतो आणि कामाला लागतो. मरियाबाई कामालाही लागायची आणि प्रश्नही सोडायची नाही. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं, तिथं ती स्वयंपाकाला होती. भाकरी थापता थापता दारावरून जाणाऱ्या पाळकसाहेबांना थांबवून विचारायची, "साहेब, योना माशाच्या पोटात गेला, मग त्याला भूक लागल्यावर त्यानं खाल्लं काय?" पाळकसाहेब शिकले-सवरलेले, पण असलं त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. ते म्हणायचे, "बघून सांगतो," आणि पुढं काही दिवस मागच्या दारानं जायचे.

अशा बाईच्या हाती फोनो लागला, मग काय विचारता!

तो लागला असा. बोर्डिंगच्या म्हाताऱ्या मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या आणि त्यांनी घरातलं सामान कामकऱ्यांत वाटायला काढलं. कुणी कपाट मागितलं, कुणी लोखंडी खाट. माळ्यानं न्हाणीतला मोठा टब नेला आणि त्यात म्हशीला आंबोण द्यायला लागला. मरियाबाईनं बोट दाखवलं कोपऱ्यातल्या पेटीकडं. चावी भरायची, वर काळी तबकडी ठेवायची, की आतून माणूस गायला लागायचा.

"अगं, तुला याचा काय उपयोग?" मडमबाईंनी विचारलं.

"उपेग कशाचा बाई, पन त्यो मानूस आत मावतो कसा, त्ये बघायचं हाय."

मडमबाई खळखळून हसल्या आणि पेटी देऊन टाकली. तबकड्या मात्र दोनच मागं ठेवल्या, बाकी सगळ्या बोटीनं गेल्या.

आता फुकट आलेला फोनो फुकट वाजत नाही, हे मरियाबाईला लौकरच कळलं. नगरला जुन्या बाजारात ती सुया आणायला गेली, तर दुकानदार म्हणाला, "बाई, प्रत्येक गाण्याला नवी सुई लावायची. नाहीतर तबकडी खरवडून निघेल." मरियाबाईनं डोळेच मोठे केले. "एका गाण्याला एक सुई? मंग गानं ऐकायचं का पोतं शिवायचं?" तरी एक डबी घेतली. वर एक जुनी तबकडी घेतली. त्यातच परतीच्या एस.टी.चे पैसे गेले आणि बाई उसाच्या ट्रकवर बसून, अंगभर धूळ घेऊन परत आली.

घरची मिळकत ती काय! नवरा सत्यवान साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन. त्याचा पगार आणि हिचा पगार, दोन्ही फळीवरच्या बरणीत जायचे. दाणागोटा, रॉकेल, कपडालत्ता, आलं-गेलं, सगळं बरणीतून. दारातल्या कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे तेवढे बिस्किटाच्या डब्यात. फोनोला जे काही लागेल ते डब्यातून. बरणीला त्यासाठी कधी हात लावायचा नाही, असा तिचा स्वतःशीच करार होता आणि तो ती मामलेदारासारखी पाळायची. डब्यात खडखडाट असला तर महिनोन्‌महिने त्याच त्या तबकड्या वाजायच्या, पण बरणीकडं ती वळून बघायची नाही.

याला कारण सत्यवान. सत्यवान म्हणजे चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. संध्याकाळी हिनं फोनोला चावी भरायला घेतली, की तो "झालं सुरू," असं पुटपुटत उठायचा आणि बाहेर ओट्यावर दाराकडं पाठ करून बसायचा. गाणी संपली की आत यायचा. कधी चांगलं म्हटलं नाही, कधी वाईटही म्हटलं नाही, पण ती पाठ पुरेशी होती. मरियाबाईला वाटायचं, बिचाऱ्याच्या कानाला एवढा त्रास देते, वर त्याच्या पैशाला कशाला देऊ?

सुयांचा प्रश्न मात्र तिला स्वस्थ बसू देईना. सुई म्हणजे काय, टोकच ना? मग टोकं देवानं कमी का घातलीत या मुलखात? बाई कुंपणं धुंडाळत सुटली. बोरीचा काटा वाकडा, तो कामाचा नाही. बाभळीचा सरळ, पांढरा, चांगला बोटभर लांब. तो तिनं कापून फोनोच्या तोंडात बसवला आणि स्क्रू आवळला. गाणारी बाई गायली! आवाज जरा लहान, पण सुईचा कर्कशपणा गेलेला, जशी काही बाई शेजारच्या खोलीत येऊन बसलीय. मग निवडुंगाचा काटा लावून बघितला. तो त्याहून सरस निघाला. ओला काटा घोगरा बोलतो, उन्हात वाळवलेला स्वच्छ बोलतो, हे तिचं तिनंच शोधून काढलं. शेजारची साळूबाई एकदा तिला निवडुंगाच्या जाळीत वाकलेली बघून घाबरली. "अगं, काय हरवलं का काय?"

"हरवलं न्हाई. ह्या काट्यातनं कसं गातंय त्ये बघते."

साळूबाईनं घरी जाऊन सांगितलं, की मरियाला ऊन लागलंय.

आणि तबकडी वाजत असताना हिचे प्रश्न निराळेच. ही बाई गाण्याआधी जेवली असेल का? तबल्यावाल्याचं लग्न झालेलं असेल का? मधेच ती श्वास घेते, तो श्वास या काळ्या रेघेत नेमका कुठं ठेवलाय? ती भिंग घेऊन रेघा बघायची. दिसायचं काही नाही, पण बघण्यात तिची संध्याकाळ सोन्यासारखी जायची. मला विचाराल तर, ज्यांच्या घरी चार चार कपाटं होती त्यांच्या संध्याकाळी इतक्या चांगल्या जात नव्हत्या.

मग बहात्तर साल आलं. पाऊस कुठं गेला ते कळलं नाही. कालव्याचं पाणी तळाला गेलं, माणसं खडी फोडायला लागली, आणि कोंबड्यांना टाकायला दाणा उरला नाही. मरियाबाईनं बऱ्याच कोंबड्या विकल्या. बिस्किटाचा डबा हलका झाला. त्यातच वळवाच्या वादळानं घराचे पत्रे उडवले होते. त्यासाठी दोघांनी पोटाला चिमटा काढून बरणीत पैसे साठवत आणले होते.

अशात कापणीचा सण आला. या मुलखातल्या ख्रिस्ती मंडळींत हा सण मोठा. शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं चांगलं चर्चमध्ये आणायचं, मेजावर मांडायचं. पाळकसाहेब अर्पणाची प्रार्थना करतात, आणि मग बाहेर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. गावातली हिंदू मंडळीही हौसेनं बोली लावायला येतात. पैसा चर्चला. पण त्या वर्षी कापायलाच काही नव्हतं. पाळकसाहेब हळहळले, "मेज अगदी रिकामं दिसणार."

"रिकामं दिसंल, पन गप कशाला ऱ्हाईल?" मरियाबाई म्हणाली. "माझ्याकडं सनईची तबकडी हाय. प्रार्थनेआधी लावू."

सणाच्या सकाळी सत्यवानानं स्वतः पेटी डोक्यावरून चर्चमध्ये आणली. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मेजावरच ठेवली. एका बाजूला सुपात बाजरी, दुसऱ्या बाजूला एक डांगर. सनई काय वाजली म्हणता! खडी फोडून आलेल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मग पाळकसाहेबांनी हात वर केले आणि प्रार्थना केली, "हे प्रभू, या मेजावर जे जे काही ठेवलं आहे, ते सर्व तुझं आहे."

"आमेन!" सगळ्यांत मोठं आमेन मरियाबाईचं.

अंगणात लिलाव सुरू झाला. बोली पुकारायचं काम दरवर्षीप्रमाणं यशयाभाऊंकडं. बाजरी गेली, डांगर गेलं. कालव्यापलीकडचे बागायतदार आप्पासाहेब दरवर्षी येत. त्यांनी एका अंड्याला कोंबडीची किंमत मोजून लोकांना हसवलं. आणि मग यशयाभाऊंनी फोनो उचलून आणला. "मंडळी, आता मरियाबाईंचं दान! असं दान ह्या मंडळीत आजवर झालं न्हाई!"

मरियाबाई हात वर करून पुढं सरली. लोक टाळ्या वाजवायला लागले. पाळकसाहेबांच्या लक्षात घोटाळा आला, ते घाईनं जवळ आले. "मरियाबाई, चूक झाली. तुम्ही तो फक्त वाजवायला आणला होता. मी सांगतो सगळ्यांना, तुम्ही घेऊन जा."

आता घेऊन जायचं की नाही? पण गेल्या वर्षीच मंडळीतल्या कृपानं अर्पण केलेल्या कोंबडीनं मेजावर प्रार्थनेनंतर अंडं घातलं होतं. कृपा म्हणाली, कोंबडी देवाची, अंडं माझं. तेव्हा भर मंडळीत मरियाबाईच तावातावानं उठली होती, की मेजावर आलं ते देवाचं, परत मागायची लाज कशी वाटत नाही? ती कृपा आता समोरच उभी होती, आणि टक लावून बघत होती.

"न्हाई साहेब," मरियाबाई म्हणाली. "आमेन म्हनलंय मी. यशयाभाऊ, बोली पुकारा. पन मला बी बोली लावता येती का न्हाई?"

"येती की!"

"मंग दहा रुपये."

"पंधरा," आप्पासाहेब म्हणाले. मरियाबाईनं चमकून बघितलं. "आवो, आमच्या मंडळींना कालव्यापलीकडं ऐकू जातो तुमचा बाजा," ते जरा ओशाळून म्हणाले. "घरवाली गोजरबाई लई दिसांपास्नं मागं लागलीय."

"वीस."

"पंचवीस."

"सत्तावीस," मरियाबाई म्हणाली. डब्यात होतं ते सगळं संपलं होतं.

"तीस," आप्पासाहेब म्हणाले.

यशयाभाऊ तिच्याकडं बघत थांबले. चांगले थांबले, उगाच खोकले, घाम पुसला. आणि मागून आवाज आला, "चाळीस!"

सत्यवान उभा होता. चार शब्दांचा माणूस, भर अंगणात, हात वर करून. सणानंतर पत्रे आणायला जायचं म्हणून बरणीतले पैसे त्याच्या खिशात होते.

मरियाबाई गर्रकन वळली. "बसा खाली! डोस्कं फिरलं का काय तुमचं?"

"पंचेचाळीस," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

सत्यवानानं पुन्हा तोंड उघडलं, पण मरियाबाईनं त्याचा सदरा धरून त्याला खालीच बसवलं. "घरचं पैसं हायती त्ये! पत्र्याचं हायती! खबरदार एक शब्द काढला तर!"

एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा यशयाभाऊंनी नुसता हात खाली आणला. फोनो आप्पासाहेबांच्या बैलगाडीत गेला. जाताना मरियाबाईनं त्यांना वाळवलेल्या निवडुंगाच्या काट्यांची पुडी दिली, काटा कसा बसवायचा ते दाखवलं, स्क्रू फार आवळू नका म्हणाली. सांगायचं एक म्हणून राहिलं नाही.

पत्रे आणायला त्या दिवशी कुणी गेलं नाही. दोघं कालव्याच्या काठानं घराकडं निघाली, तो पुढं, ही मागं. अर्ध्या वाटेवर मरियाबाईचा राग बाहेर पडला.

"तुमाला काय व्हायलं हुतं आज? जलमभर त्या बाजाकडं पाठ करून बसला, आन आज चाळीस रुपये? उपकार करायचे हुते व्हय माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला?" सत्यवान न थांबता म्हणाला. "मला ऐकाया पायजे हुतं."

"तुमाला?"

"आत तुजं काटं बदलनं, भिंग घिऊन बघनं, 'ही जेवली आसंल का' इचारनं. गानं ऐकू येतंय व्हय त्यात? म्हनून भाईर बसायचो. ओट्यावर कसं समदं नीट यायचं."

मरियाबाई जागच्या जागी थांबली. इतकी वर्षं, एवढी अंडी, ट्रकवरची धूळ. एकटीची चैन म्हणून एकटीनं पेललेली. अर्धं गाणं नवऱ्याचं होतं आणि तिला पत्ता नाही. "आवं, मंग आदी बोलायचं न्हाई का?" ती रडवेल्या आवाजात ओरडली. "घरखर्चातच धरला आसता की मी त्याला! बरनीतलं पैसं लावलं आसतं! कशाला जाऊ दिला आसता?"

"तू इचारलंस कवा?"

साऱ्या गावाला विचारणारी बाई. योनाला काय खायला मिळालं ते विचारणारी बाई. ती कालव्याच्या भरावावर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. सत्यवान परत मागं आला आणि शेजारी बसला. त्याला समजूत घालता येत नव्हती.

तिनं नाक पुसलं. "बरं, आता इचारते. तुमाला कंचं आवडायचं?"

सत्यवानानं घसा खाकरला. इकडं तिकडं कुणी नाही ना, ते बघितलं. आणि त्यानं गायलाच सुरुवात केली. आवाज घोगरा, सूर कुठल्या कुठं, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या तानेपर्यंत एक जागा चुकली नाही. मधे एका ठिकाणी तबकडीला तडा होता, तिथं तीच ओळ दोनदा यायची. सत्यवानानं तीही दोनदा म्हटली.