भिंतीवरचे पेपर

आमचे मुख्याध्यापक सकाळी शाळेत आले की हजेरीपटावर सही करण्याआधी तिसऱ्या खोलीत जात आणि भिंतीच्या भेगेत करंगळी घालून बघत. नखापर्यंत गेली तर चेहरा शांत. पेरापर्यंत गेली की म्हणत, "बाई, भिंत अभ्यास करून नाही राह्यली."

नातवंडांनो, तुम्ही तुमच्या तिकडच्या शाळांचे फोटो पाठवता, म्हणून हे लिहिते. सत्तरच्या दशकात वाशीमकडच्या एका खेड्यात मी इंग्रजी शिकवत होते. शाळेला एक कार्यालय आणि तीन खोल्या: आठवीची, नववीची आणि पुढेमागे दहावी येईल म्हणून बांधलेली तिसरी. गावकऱ्यांनी ती हौसेने बांधली, पण खालचा मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा कंटाळा केला. काळी माती उन्हाळ्यात फाटते. तिच्याबरोबर भिंतही फाटली.

भेग वाढते की नाही हे कळावे म्हणून सरांनी तिच्यावर पिठाच्या खळीने आडवे कागद चिकटवले. भेग वाढली की कागद फाटणार. कोरा कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून मुलांचे तपासलेले पेपर. त्यातही सत्तरच्या वर मार्क हवेत. "कमी मार्कांचा पेपर भिंतीले झेपत नाही," असे ते गंभीरपणे सांगत. मग काय, भिंतीवर जाण्यासाठी मुले रात्रंदिवस घोकू लागली. एक बाप तावातावाने आला. "माह्या पोराचा पेपर फाटला. म्हंजे नापास का?"

"पोरगा पास हाये," सर म्हणाले. "भिंत नापास झाली."

भेगेची नोंदवही आमच्या शालेय मंत्रिमंडळाकडे होती. मुख्यमंत्री नववीतली सुजाता, जवळच्या जऊळका स्टेशनावरच्या रेल्वे गँगमनची मुलगी. रोज तारीख, रोज माप. एकदा खळीच्या वासाने बकरी आत शिरली. सुजाताने लिहिले : "इंग्रजीचा पेपर, मार्क एक्क्याऐंशी, बकरीने खाल्ला. भिंत निर्दोष."

त्या वर्षी दहावीच्या परवानगीसाठी इन्स्पेक्टर येणार होते. परवानगी नाही मिळाली तर सुजाताची शाळा संपली. तिच्या वडिलांनी सांगूनच टाकले होते, "वाशीमले रोज येष्टीनं नाही पाठवत पोरीले." भेगेवर जगाचा नकाशा टांगावा, असे मी सुचवले. सर म्हणाले, "एवढं मोठं जग कायले टांगता, बाई? खिळा ठोकला तर भिंतच येईल खाली."

इन्स्पेक्टरसाहेब भिंतीसमोर थबकले. "वा! गुणवत्तेचं असं प्रदर्शन मी कुठे पाहिलं नाही."

आम्ही शिक्षकांनी माना डोलावल्या. सर तेवढे स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा पुसला. "पण हे सगळे मधोमधच कसे फाटले?"

"थे खातं मुख्यमंत्र्यांकडे हाये," सर म्हणाले.

सुजाताने माझ्याकडे पाहिले. आणि मी, तुम्हाला खोटे बोलू नका म्हणून फोनवर दटावणाऱ्या तुमच्या आजीने, हळूच मान हलवून तिला "नको" अशी खूण केली.

"भेग वाढून राह्यली का, थे पाहाले लावले, साहेब," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बोटभर उघडते, पावसाळ्यात मिटते. समदं लिहून हाये."

"आणि खोली पडली तर?"

"म्हणून तं मोजून राह्यलो!"

साहेब नोंदवही पहिल्या पानापासून वाचत बसले. बकरीपाशी बराच वेळ थांबले. मग वही मिटून निघून गेले.

मी सरांवर चिडले. "ती गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?"

"मंत्रिमंडळातून काढली असती म्या तिले," सर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

महिन्याने शेरा आला. इमारत असमाधानकारक, नोंदवही उत्कृष्ट. दहावीस परवानगी, मात्र तिसऱ्या खोलीत वर्ग भरवू नये.

सरांनी त्याच दिवशी आपले टेबल स्वतः ओढत तिसऱ्या खोलीत नेले, भेगेखाली. जूनमध्ये कार्यालयात दहावी बसली.

मी पहिलाच धडा शिकवत होते, तेवढ्यात दारात सर उभे. शाळेचा शिक्का आतल्या कपाटात राहिला होता.

"येऊ का आत?"

सुजाता उभी राहिली. "या सर. पण तास चालू हाये."

सरांनी चपला बाहेर काढल्या, चवड्यांवर चालत आत आले, शिक्का घेतला आणि कपाटाचे दार करकरू नये म्हणून ते उघडेच ठेवून गेले.