खांबोबाची फुंकर

"भरून टाका म्हणून लिवायला तुमास्नी किती येळ लागंल, मॅडम?"

मी कोरड्या हौदाच्या तळाशी उभी होते, हातात टेप घेऊन. वर काठावर सुभेदार निकम उभे होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी ताठ उभे राहणारे. प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला होता, म्हणून मला तो जास्त लागला. ओरडले असते तर मीही ओरडले असते. तोंडाच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

"अजून मोजतेय हो," मी म्हटलं. "लिहायचं काय ते नंतर."

मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. सांगलीत माधवनगर रोडला आमच्या फर्मचं ऑफिस होतं आणि मगदूमसाहेब आमचे बॉस. साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेतला हा हौद आटला होता. तो बुजवून वर पार्किंग करायचं नगरपालिकेत घाटत होतं. आम्ही फक्त फिजिबिलिटी रिपोर्ट द्यायचा होता, म्हणजे हौद खरंच मेलाय का आणि बुजवला तर खालची जमीन गाड्यांचं ओझं पेलेल का, एवढंच सांगायचं.

साहेबांनी निघतानाच बजावलं होतं, "एका दिवसाचं काम आहे. जा, माप घ्या, या. तिथे इतिहास शोधत बसू नका."

मला इतिहासातलं फारसं कळत नाही, पण नळातलं कळतं. सातारा ही राजधानी होती. राजधानी म्हटली की माणसं आली, घोडे आले, हत्ती आले आणि सगळ्यांना पाणी आलं. ते यवतेश्वरच्या डोंगराकडून खापरी नळांतून यायचं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक घालून चुन्याने सांधलेले. मोटार नाही, वीज नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरभर फिरायचं आणि एका हौदातून दुसऱ्या हौदात जायचं. आपण आज ज्या रस्त्यावर हॉर्न वाजवत उभे असतो, त्याच्याखाली अजून हे नळ आहेत. काही ठिकाणी ते चालूही आहेत.

हौदाच्या भिंतीत पाणी आत येण्याचं दगडी तोंड होतं. मी त्यात हात घातला. आत ओल होती. मेलेल्या नळात ओल नसते.

"हे कधी आटलं?" मी वर येऊन विचारलं.

"झाली की चारेक वर्सं. तवाचा उन्हाळा लय कडक हुता. लोक म्हनत्यात, बोअर मारून मारून झरं आटलं." सुभेदार हौदाकडे बघत राहिले. "मी ह्या हौदात पवायला शिकलो. माजं पोरगं हितंच शिकलं. आता ते बी फौजेत हाय, तिकडं वर, बर्फात. बुजवायचा विषय निघाला तवापास्नं मी ह्या दारात, त्या दारात अर्ज देत फिरतोय. तुमचा रिपोर्ट गेला की माजी लढाई संपली बगा."

हौद चालू आहे की नाही हे बघायचं असेल तर हौदात बघून भागत नाही, पाण्याच्या उलट चढत जावं लागतं. आम्ही दोघं निघालो. या लाईनवर ठरावीक अंतरावर दगडी खांब असतात. त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाणी उतारावरून येताना सोबत हवा घेऊन येतं. ती नळात अडकून बसली की पाणी पुढे सरकत नाही. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळ नुसता फुसफुसतो, तसंच. ती हवा बाहेर पडावी म्हणून हे खांब आतून पोकळ ठेवलेले असतात आणि वर तोंडाशी भोकं असतात.

खांब शोधणं हे मोठं गमतीचं काम. आजवर कुणी त्यांना पाडलेलं नाही, पण मोकळंही सोडलेलं नाही. एक स्कूटरच्या गॅरेजमध्ये निघाला, त्याला टायर टांगलेले. एक कंदी पेढ्यांच्या दुकानामागे, अंगावर रंगांचे थर आणि त्यावर क्लासच्या जाहिराती. दुकानदाराला तो कशाचा खांब हे माहीत नव्हतं, पण "वाडवडलांपासून आहे, राहू दे" म्हणून त्याने भिंत वळवून बांधली होती. मला या माणसांचं फार कौतुक वाटलं. उपयोग माहीत नसताना एखादी गोष्ट जपणं सोपं नसतं.

पेढेवाल्याच्या मागच्या गल्लीत मी थबकले. गटारातून स्वच्छ पाणी वाहत होतं. चांगलं खळखळत.

"हे काय?"

"लीकेज असंल. तीन-चार वर्सं झाली वाहतंय," सुभेदार म्हणाले.

म्हणजे पाणी इथपर्यंत येत होतं. इथून हौदापर्यंत कुठेतरी अडत होतं आणि तुंबून गटारात सांडत होतं. या दोन जागांच्या मधे आणखी एक खांब असायलाच हवा होता.

"ह्या पट्ट्यात खांब नाही का एखादा?"

"खांब न्हाई कुठला. आमचा खांबोबा हाय तेवढा," ते म्हणाले आणि मला अभिमानाने त्यांच्या घरासमोर घेऊन गेले.

खांबोबा म्हणजे आपादमस्तक पांढऱ्या टाइल्स लावलेला, पुढे शेंदूर, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर पितळी कळस. पायाशी सुभेदारांच्या पत्नी सुमनकाकी उदबत्ती लावत बसल्या होत्या.

"आमी केलंय समदं," सुभेदार म्हणाले. "पोरगं पयल्यांदा बर्फात गेलं, तवा लय दिस फोन न्हाई आला. हिनं नवस बोलला. पोरगं सुखरूप सुट्टीवर आलं आनि आमी देवाला लादी घातली, चार वर्सांखाली, उन्हाळ्यात. वर भोकं हुती, कबुतरं घान करायची. ती बुजवून कळस चढवला."

मी उदबत्तीकडे बघत होते. धूर सरळ वर जात होता आणि टाइल्सच्या एका फटीसमोर आला की कुणी ढकलल्यासारखा बाजूला होत होता.

"फुंकर मारतो खांबोबा," काकी हसून म्हणाल्या. "कवाकवा उदबत्ती इजवतो. म्हंजी पावला, असं मी समजते."

कळस त्याच वर्षी चढला होता. त्याच उन्हाळ्यात हौद आटला होता. सगळ्यांनी उन्हाळ्याला बोल लावला.

खांबोबा हाच तो उच्छ्वास, भोकं बुजल्यामुळे हवा नळात अडकून बसली, हे सांगणं भाग होतं. सांगितलं. सुभेदार पायरीवर खाली बसले.

"म्हंजी मीच मारला व्हय हौद," ते म्हणाले. इतका वेळ ताठ असलेला माणूस वाकलेला बघवेना.

मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला.

"अहो बाई, मग वरचं फोडा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, तो देव आहे."

"रिपोर्टमध्ये देव लिहिणार आहात?"

"आज परत येत नाही," म्हणून मी फोन ठेवला.

सुभेदार उठून छिन्नी-हातोडा घेऊन आले होते. काकी खांबाला पाठ लावून उभ्या.

"आवं, डोस्कं ठिकानावर हाय का? पोरगं तिकडं हाय. नवसाचा कळस उतरवायचा? पानी नगं मला. पार्किंग होऊ दे न्हाई तर काय बी होऊ दे."

ते पुन्हा बसले. एवढ्या कचेऱ्यांपुढे न वाकलेल्या माणसाने बायकोपुढे छिन्नी खाली ठेवली. हवेचा दाब मला कळतो, पण एका आईच्या भीतीला माझ्याकडे कुठलं गणित होतं? मी काकींजवळ गेले आणि त्यांचा हात धरून त्या फटीवर ठेवला. गार हवा येत होती.

"कोण फुंकतंय, काकी?"

"देव. अजून कोन?"

"मग त्याचं नाक कुणी दाबलंय?"

त्यांनी हात काढला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

"गुदमारला असंल का ओ?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचं ऐकत होता म्हणून गप्प राहिला," मी म्हटलं. इंजिनिअरने असं बोलू नये, पण मी बोलले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

काकी आत गेल्या, नारळ घेऊन आल्या. "आमची हौस तुला जाच झाली, पदरात घे," एवढंच त्या खांबाला म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "कळसाला पोचा न्हाई आला पायजे. उतरवा आता."

सुभेदार शिडीवर चढले. कळस काढून त्यांनी काकींच्या पदरात दिला. स्लॅबवर छिन्नी बसली, पहिलं भोक मोकळं झालं आणि आतून अशी हवा सुटली की सिमेंटची धूळ त्यांच्या मिशांवर बसली. पाठोपाठ खांबाच्या पोटात गुडगुड सुरू झाली. गल्ली गोळा झाली.

आम्ही हौदाकडे धावलो. तिथे आधी नुसती हवा आली. मग लाल गढूळ पाणी आलं, मग पुन्हा काही नाही. मला वाटलं, खालचा नळही फुटलेला असणार. काकी माझ्याकडे बघत नव्हत्या, ते मला कळत होतं. आणि मग दगडी तोंडातून मनगटाएवढी धार पडली आणि पडतच राहिली. सुभेदार बुटांसकट हौदात उतरले.

रिपोर्टमध्ये मी हौद जिवंत असल्याचं लिहिलं, कारणही लिहिलं. सुभेदारांचं नाव मी गाळणार होते. त्यांनीच घालायला लावलं. "बंद मी केला, तसं लिवा. अर्ज देनाऱ्यानंच चूक कबूल केली म्हंजी रिपोर्ट खरा मानतील, बुजवायचं थांबवतील," ते म्हणाले. बुजवायचं खरंच थांबलं. कळस आता खांबोबाच्या डोक्यावर पुन्हा आहे, लोखंडी तिवईवर. खाली भोकं मोकळी आहेत, कबुतरांसाठी जाळी लावली आहे.

दुसऱ्या दिवशी मी निघताना, हौदाशीच, सुभेदारांच्या मुलाचा फोन आला. मला वाटलं, काकी कळसाचं सांगतील, रडतील. त्यांनी फोन नुसता धारेजवळ धरला. पलीकडे बर्फातला तो पोरगा धारेचा आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "आये, हौद?"

"व्हय रं," काकी म्हणाल्या. "ये आता पवायला."

हल्ली साइटवर गेले की मी आधी लोक कशाला हात जोडतात ते बघते. नळ बहुतेक तिथूनच गेलेला असतो.