एकुलता फोटो

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक निसर्गप्रेमी राहतात. प्रत्येक वाक्य ‘म्हंजी कसं’ म्हणून सुरू करतात आणि कसं ते कधीच सांगत नाहीत. गळ्यातला कॅमेरा ते फक्त आंघोळीला काढतात, असं त्यांची बायकोच सांगते.

एका श्रावणात त्यांनी मला केंदूरच्या माळावर नेलं. तिथं गवतात जमिनीतून उगवणारी रानटी ऑर्किड फुलली होती, पांढऱ्या फुलांचा एकच तुरा. अशी आता शोधूनही सापडत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. उजेड फार म्हणून मी छत्री धरून उभा. माझी निसर्गसेवा तेवढीच.

अख्खा रोल संपवून त्यांनी भिंग शर्टाला पुसलं, वाकले आणि झाड कंदासकट उपटलं.

“अहो, हे काय केलंत?”

“म्हंजी कसं, उद्या दुसरा कुणी आला कॅमेरा घिऊन तर? आता आपला फोटो एकुलता हाय.”

फोटोला प्रदर्शनात बक्षीस मिळालं. खाली ओळ होती, ‘निसर्ग वाचवा’. एक प्रत फ्रेम करून त्यांनी आम्हाला भेट दिली. खिळा मीच ठोकला.

पुढच्या श्रावणात स्वारी दारात. “चला, नवा रोल भरलाय. यंदा आणखी एखादी गावंल.”

सगळी हकीकत ठाऊक असलेली आमची सौ. आतून म्हणाली, “भावजी, उगा कशाला तंगडतोड? भिंतीवर हाय की, तिचाच फोटो काढा!”

गृहस्थ खरंच भिंतीपाशी गेले. डोळा बारीक करून म्हणाले, “म्हंजी कसं, काच चमकतीय. जरा छत्री धरा.”

आणि मी धरली.