घेतो की घे तो

रॅकेट माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर बसली तेव्हा मी हॉलच्या भिंतीला टेकून बसले होते आणि शेजारच्या बाईला बोंबील किती दिवस वाळवायचे ते सांगत होते. आवाज फार मोठा झाला नाही. मुलगी गुडघ्यांवर बसली, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. तिने विचारलं, "कॉक पडला का?" बॅडमिंटनच्या फुलाला तिथे सगळे कॉकच म्हणत. कॉक पडला होता, त्यांच्याच बाजूला.

रॅकेट तिच्या जोडीदाराची होती. तो डोंबिवलीचा, बापाला सरकारी नोकरी, घरात सगळे शिकलेले. आम्ही कोलशेतचे कोळी. नवरा खाडीत होडी घालायचा, मी ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायचे. मुलीला शाळेच्या बाईंनी हॉलवर नेलं होतं, ती तिथेच राहिली. मी अडवलं नाही आणि कौतुकही केलं नाही.

ही नव्वदीतली गोष्ट. देशादेशांची मिश्र संघांची स्पर्धा होणार होती. तिच्यात पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं असं नसतं. पाच सामने असतात, एकेकट्याचे दोन, जोड्यांचे दोन आणि पाचवा मुलगा-मुलगी मिळून. सगळे मिळून देश जिंकतो, नाहीतर हरतो. मुलीने मला हे पाटीवर पाच बांगडे मांडून समजावलं होतं. पाचव्या बांगड्यासाठी या दोघांचं नाव पुढे होतं. निवड बारा दिवसांवर आली होती.

या खेळात मुलगी पुढे जाळ्यापाशी आणि मुलगा मागे. मधे आलेला कॉक कोणी मारायचा ते ओरडून सांगावं लागतं. बाकीचे इंग्रजीत ओरडायचे. यांच्या सरांनी डोकं चालवलं. बाहेरच्या देशातल्यांना इंग्रजी कळतं, मराठी कुठून कळणार? मराठीत ओरडा म्हणाले. सगळ्यांना ते फार आवडलं. मलाही आवडलं होतं.

त्या दिवशी कॉक उंच आला, बरोबर दोघांच्या मधे. मुलगा ओरडला. मुलगी वळून मागे धावली. त्याची रॅकेट वरून खाली येत होती.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, डोळा आतून फाटलाय, टाके घातलेत, दिसेल की नाही आत्ताच सांगत नाही. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "मी सांगत होतो, हे आपलं काम नाय." मी म्हटलं, "तुमचं काम खाडीत राहिलंय कुठे? कारखान्याच्या पाण्याने मासा मेला. जा, चहा आणा." तो गेला. चहा आणला नाही.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"काकू, मी 'घेतो' म्हणालो होतो."

मुलगी डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती. ती म्हणाली, "तू 'घे तो' म्हणालास."

"अगं, घेतो. मी घेतो."

"मला 'घे तो' ऐकू आलं. म्हणून घ्यायला आले."

मग मुलगीच हसली. "आपल्याला सरांनी व्याकरणाचा मास्तर ठेवायला हवा होता रे."

तो हसला नाही. रडायला लागला. म्हणाला, "मी निवडीला जाणार नाही."

"तू गेला नाहीस तर माझा डोळा उघडणारे का? जा. आणि इंग्रजीत ओरड."

मी शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, पण कोणाला द्यायच्या ते कळेना. तो खरं बोलत होता, तीही खरं बोलत होती.

तोवर मुलीला आशा होती. टाके सुटले की आठवड्यात हॉलवर जाईन म्हणायची. एक हात पांघरुणाबाहेर काढून मनगट फिरवत राहायची. पाचव्या दिवशी ताप चढला. डोळ्यात पू झाला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पू डोक्यात गेला तर मुलगी हाती लागणार नाही, डोळा काढावा लागेल. नवरा होडीवर होता. मुलगी तापात बडबडत होती, तिला विचारण्यात अर्थ नव्हता. एका डोळ्याने लांबचा-जवळचा कॉक कळत नाही, हे मला हॉलवर बसून बसून माहीत झालं होतं. मी कागदावर सही केली. चौथीपर्यंत शिकले त्याचा तिथे उपयोग झाला.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "कोणी सही केली?"

"मी."

पुढे दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट सरकवलं की जेवायची, एवढंच.

मुलगा दुसऱ्या राज्यातल्या मुलीबरोबर खेळायला गेला. पेपरात दोन बोटांएवढी बातमी आली, आपला संघ हरला. तो सामना त्याने खेळला की नाही तेही त्यात नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने खेळ सोडला, असं सर म्हणाले. ते सर नंतर मला बाजारात दिसले की रस्ता बदलायचे. मी हाक मारली नाही.

नवरा तीन वर्षांनी गेला. तो दारूने गेला, त्याचा याच्याशी संबंध जोडू नये.

मुलगी वाचली. आता पन्नाशी उलटली आहे तिची, कोपरला राहते.