तिसरी थाप

दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एक वयस्कर कारकून होते. ते प्रत्येक गठ्ठ्यावर दोन थापा मारून म्हणायचे, "व्हय, पोचंल." आमच्या दैनिकाचे गठ्ठे मी त्यांच्याकडेच द्यायचो. आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक देवापुढे धान्य-भाज्या ठेवत. त्या वस्तूंचा लिलावही हे कारकूनच पुकारत, टेबलावर थापा मारत, सावकाश. भाव चांगला चढल्याशिवाय सौदा पक्का करणारी तिसरी थाप पडत नसे.

एका वर्षी पाहुण्या उपदेशकांनी सांगितले, "ज्याचा विश्वास मोठा, त्याच्या घरी पैसा मोठा." पहिल्या बाकावरचे शिरूरचे ठेकेदार खुलले आणि एकेक वस्तू घेत सुटले. शेवटी मोठा भोपळा उरला. मागून धुणीभांडी करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "पाच रुपये." त्यांची बोली आजवर कधी टिकली नव्हती.

कारकुनांनी एका दमात तिन्ही थापा मारल्या. "मावशीचा!"

ठेकेदार उठले. "अहो मामा, मी बोलणारच होतो की!"

"तुमचा इश्वास मोठा हाय, सायेब. पुढच्या सालापत्तूर टिकंल."

चर्च हसले. उपदेशक हसले, मग ठेकेदारही. भोपळा मावशींना उचलेना, तेव्हा ठेकेदारांनीच तो आपल्या जीपमध्ये ठेवला आणि मावशींना पुढे बसवले.

कारकुनांनी जीपच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या. "व्हय, पोचंल."